गुंडीची साखर

६ फेब्रुवारी, प्रयोगशाळा

ताई,

पाकिटावर आईचं अक्षर आहे म्हणून तू ते फोडलंस. आत माझं निघालं म्हणून लगेच फाडू नकोस. आईला मीच गळ घातली. आधीचं पत्र न फोडताच परत आलं. फोन तू उचलत नाहीस, कारण माझा नंबर बंद करून ठेवलायस. मग मी काय करायचं होतं, सांग.

तू किती ओळी वाचशील याचा भरवसा नाही, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. तुझ्या गुंडीला रोज सकाळी अंडं आणि ती प्रोटीनची पावडर घातलेलं दूध देतेस, ते थांबव. निदान पावडर तरी आजच्या आज थांबव. आणि तिला पुन्हा फिट आली, येऊ नये, पण आलीच, तर सासूबाईंचं साखर मोजायचं यंत्र घे, तिच्या बोटातून एक थेंब काढ आणि आकडा बघ. साठच्या खाली असेल तर शुद्धीवर असताना साखरपाणी पाज. शुद्ध नसेल तर पाणी घालू नकोस, गालाच्या आतून मध चोळ आणि दवाखाना गाठ. डॉक्टरांना सांग, "हिची साखर फिटच्या वेळी मोजा, नंतर नको. आणि रक्तातला अमोनियाही बघा."

एवढंच. इथे थांबलीस तरी चालेल.

वाचतेयस अजून? मग मला कसं कळलं ते लिहिते. आईला दोष देऊ नकोस. ती फोनवर आधी "मला काही विचारू नकोस" म्हणते आणि मग नळ सोडल्यासारखी सगळं सांगते. वर्ष झालं गुंडीला फिट येतात. डोक्याला तारा लावून तपासणी झाली, दोनदा औषध बदललं, फरक नाही. पोर बारीक आहे, अंगात ताकद नाही, म्हणून डॉक्टरांनी पावडर दिली. फिट येते ती बहुतेक शाळेत, न्याहारी होऊन दोनेक तास झाले की. आई आपल्याच नादात म्हणाली, "मागे तिचं पोट बिघडलं होतं ना, आठवडाभर नुसता टोस्ट आणि साखरभात खाल्ला बिचारीने. पण एकदाही फिट आली नाही बघ. देवाची कृपा."

ताई, मी हातातला कप खाली ठेवला. देवाची असेल कृपा, पण त्यात अंडं नव्हतं आणि पावडरही नव्हती.

दवाखान्यात तिची साखर बरोबर निघते, असंही आई म्हणाली. निघणारच. तिथे पोचेपर्यंत कुणी ना कुणी तिला सरबत पाजलेलं असतं.

तू लोकांना सांगायचीस, "आमची धाकटी बुरशीला जेवण घालते." आता उलट आहे. मी यीस्टला विष घालते. पाव फुगवतं ना, तेच यीस्ट. त्याला जगायला ल्युसीन नावाचं एक अमिनो आम्ल लागतं. ते स्वतःचं स्वतः बनवतं. बनवणाऱ्या एन्झाइमला ब्रेक असतो. ल्युसीन पुरेसं झालं की तेच येऊन एन्झाइमवर बसतं आणि काम थांबवतं. मी बशीत खोटं ल्युसीन घालते. दिसायला हुबेहूब, कामाला निरुपयोगी. ते ब्रेकवर जाऊन बसतं. यीस्टला वाटतं, भरपूर आहे. खरं बनवणं थांबतं, खोटं अंगात भरलं जातं आणि यीस्ट मरतं. लाखांतून एखादं वाचतं. त्यातल्या काहींचा ब्रेकच बिघडलेला असतो. कितीही ल्युसीन साचलं तरी त्यांचं एन्झाइम थांबत नाही, खऱ्याचा एवढा पूर येतो की खोटं त्यात बुडून जातं. अशा बशीचं झाकण उघडलं की पिकल्या केळ्याचा वास येतो. आमच्याकडून यीस्ट घेणाऱ्या मद्याच्या कारखान्याला तेच हवं असतं. नऊ वर्षं मी हेच बघतेय. ब्रेक गेलेलं एन्झाइम कसं वागतं, ते मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन.

माणसातही असं एक एन्झाइम आहे. ल्युसीन मिळालं की ते जोरात पळतं आणि शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं. त्यातून अमोनियाही सुटतो. त्याला ब्रेक असतो, म्हणून बहुतेकांनी अंडं खाल्लं तरी काही होत नाही. पण काही थोड्या लोकांत जन्मतःच तो ब्रेक सैल असतो. त्यांनी प्रोटीन खाल्लं की इन्सुलिन सुटतं, साखर कोसळते, आणि मेंदूला साखर मिळाली नाही की फिट येते. ती पावडर म्हणजे ल्युसीनचा डबा आहे, ताई. मी लेबल वाचलंय.

गुंडीच्या आधीच्या बाळाबद्दल लिहिणार नव्हते. पण तोही अंगावर पीत होता तोवर छान होता ना? वरचं खाणं सुरू झाल्यावर सगळं झालं ना? दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेलेला होता, आणि तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, त्याच्या रक्ताची एक कुपी तरी ठेवा. तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "माझं बाळ तुझ्या बशीतली बुरशी नाही." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. मी मागितलं ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. तुझी मनधरणी करायची म्हणून खोटं कशाला लिहू?

गुंडीला मी अजून पाहिलेलं नाही. फोटो आई दाखवते. पावडर बंद कर.

धाकटी


१५ फेब्रुवारी, घरी

ताई,

निरोप मिळाला. आईने शब्दन् शब्द सांगितला, तुझ्या आवाजासकट. "तिला सांग, माझी पोर तिचा प्रयोग नाही. आणि डॉक्टरच व्हायचं होतं तर तेव्हा व्हायचं होतंस म्हणावं."

बरं. बोललीस तरी. आईमार्फत का होईना.

पण पावडरचा दुसरा डबा आणलास, हे ऐकून मी इथे खोलीत एकटीच ओरडले. शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या. मंगळवारी पुन्हा फिट आली, बाकावरून पडली, ओठ फाटला. साखर मोजलीस? नाही. का नाही? यंत्र पलीकडच्या खोलीत कपाटावर पडलेलं असतं. मी सांगितलं म्हणून नाही, एवढंच ना कारण?

मी भावजींना त्यांच्या डेपोत फोन केला. रागावू नकोस त्यांच्यावर. ते म्हणाले, "मला पटतंय थोडं थोडं. पण बाळाचा विषय निघाला की ती दोन दोन दिवस जेवत नाही. मी कुठल्या तोंडाने बोलू?" मग मी गुंडीच्या डॉक्टरांकडे फोन केला. फोनवरच्या मुलीने विचारलं, "आपण पालक का?" म्हटलं, मावशी. "मग पालकांना सांगा," म्हणाली आणि ठेवून दिला. तिचं बरोबर आहे. मी पालकांनाच सांगतेय.

जाता जाता आईला तू विचारलंस म्हणे, "यीस्टवरून माणसाचं कळतं होय?"

नाही कळत. खरं उत्तर हेच आहे. यीस्टवरून मला फक्त शंका आली. ब्रेक गेलेलं एन्झाइम ज्याने हातात धरलेलं नाही, त्याला ही शंका यायला वेळ लागतो. हा आजार इतका दुर्मीळ आहे की तुझ्या डॉक्टरांनी तो पुस्तकाबाहेर कधी पाहिलाही नसेल. त्यांचा दोष नाही. पण शंका आणि खात्री यांच्यामध्ये फक्त एक थेंब आहे, आणि तो तू काढू देत नाहीस.

दुसरं. हा दोष आईबापांपैकी एकाकडून येऊ शकतो, आणि देणाऱ्याला तो आहे हे माहीतही नसतं, कारण सगळ्यांत सारखा जोर करत नाही. दोन्ही मुलांना असेल तर भावजींकडून तरी आला असेल, नाहीतर तुझ्याकडून. भावजी अर्धी कोंबडी खाऊन गाडी चालवतात. आता आपलं घर आठव. बाबांच्या शिलाई मशीनच्या खणात बटणांबरोबर पेपरमिंट असायचे. जेवण झालं की त्यांना घाम फुटायचा, हात थरथरायचे, दोन पेपरमिंट तोंडात टाकून ते भिंतीला टेकून बसायचे. आई म्हणायची, "झालं यांचं नाटक सुरू." आणि मी? अंड्याच्या वासाने उठून जायचे. तू म्हणायचीस, "महाराणींचे नखरे." मासे नकोत, चीज नको, पाव आणि जॅम द्या. मला कुणी शिकवलं नव्हतं. अंगालाच कळत असावं.

तू मात्र सगळं खायचीस. पण गोड खाल्ल्याशिवाय तू कधी ताटावरून उठलेली मला आठवत नाही.

इथलं काम रखडलंय. या वेळी वाचलेल्या यीस्टमध्ये ब्रेक गेलेलं एकही नाही. ती निराळ्या तऱ्हेने वाचली आहेत. त्यांनी बाहेरून आत घेण्याची दारंच बंद करून टाकली. खोटं ल्युसीन आत येत नाही, म्हणून मरत नाहीत. पण खरंही येत नाही. जगतात, हळूहळू वाढतात. मी त्या बशा धुवायला टाकल्या.

पुढच्या आठवड्यात मी एक गोष्ट करणार आहे. त्यातून तुला आकडा मिळेल. निदान तो तरी वाच.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

अक्षराकडे दुर्लक्ष कर. ओल्या फरशीवरून पाय घसरला, कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, मनगट मुरगळलं. विशेष काही नाही. आईला सांगू नकोस, उगाच धावत येईल.

आकडा लिहिते. एका बाईवर तपासलं. वय अडतीस, तब्येत चांगली, कुठलं औषध नाही. सकाळी काही न खाता तिने तुझ्याकडे आहे तीच पावडर, त्याच कंपनीची, पाण्यातून घेतली. आधी साखर होती ब्याऐंशी. अर्ध्या तासाने सत्तावन्न. त्यानंतर एकतीस.

बाकीचे लोक ती पावडर पिऊन व्यायाम करतात, ताई. त्यांची साखर हलतही नाही.

गुंडीचं वजन त्या बाईच्या चौथाई असेल.

धाकटी


२८ फेब्रुवारी, घरी

ताई,

म्हणजे तुला कळलं. आई आली, माझं कपाळ पाहिलं, आणि तिने लंबूला गाठलं. लंबू म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा. अंगाने ताडमाड, पण आईसमोर उभं राहिलं की त्याची जीभ सुटते. मग तू स्वतः प्रयोगशाळेत फोन केलास आणि मला नव्हे, त्याला बोलावून घेतलंस. तो घाबरून मला म्हणाला, "तुझी बहीण पोलिसांत आहे का गं? काय प्रश्न विचारते!"

मग मीच सगळं लिहिते. त्याने घाबरून तिखटमीठ लावलं असेल.

ती बाई मीच. फरशी ओली नव्हती. मी लंबूला म्हटलं, "फक्त समोर बस आणि दर थोड्या वेळाने माझं बोट टोच." तो नको म्हणत होता. मी म्हटलं, नाहीतर एकटी करीन. मग बसला. पावडर इतकी गुळगुळीत आणि घाणेरडी लागते, गुंडी ती पिते तरी कशी! पहिल्या आकड्याला मला आनंद झाला. खोटं नाही सांगत, आनंदच झाला. शंका खरी निघाली की होतो तसा. मग घाम सुटला. लंबू काहीतरी बोलत होता आणि त्याचे शब्द मला शब्द म्हणून कळत नव्हते. मी उठायला गेले. पुढचं मला आठवत नाही. तो म्हणतो, मी पडले तेव्हा हात-पाय झटकत होते.

आमच्याकडे यीस्टला घालायला ग्लुकोजचे मोठाले डबे असतात. त्याने मुठीने काढलं आणि माझ्या गालाच्या आत चोळलं. एका हाताने मला कुशीवर धरलं, दुसऱ्या हाताने चोळत राहिला आणि दारात जमलेल्यांना म्हणत राहिला, "गाडी बोलवा, गाडी." शुद्ध आली तेव्हा तोंड गोड, डोळ्यांत रक्त, आणि समोर आमच्या विभागप्रमुख बाई उभ्या. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "टाके घालून घ्या. आणि चौकशी होईपर्यंत इथे पाऊल टाकायचं नाही." म्हणून सध्या घरी आहे.

मूर्खपणा होता. पण दुसरा मार्ग मला दिसला नाही. तुझ्या मुलीचं रक्त मला मागता येत नव्हतं, माझं माझ्याकडे होतं.

ताई, परवाचं भावजींनी सांगितलं. किती वेळा सांगायला लावलं मी त्यांना! शाळेतून फोन आला तेव्हा यंत्र आधीच तुझ्या पर्समध्ये होतं. कधी ठेवलंस? सासूबाईंना काय सांगितलंस? गुंडी वर्गाच्या कोपऱ्यात चटईवर होती, बाई तिला सरबत पाजायला निघाल्या होत्या आणि तू म्हणालीस, "थांबा. आधी मला बघू द्या." तूच तिचं बोट टोचलंस. भावजी म्हणाले, पहिला थेंब वाया गेला, तर तू लगेच दुसरं बोट टोचलंस.

चौतीस.

मी ते ऐकलं आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

आता ती दवाखान्यात आहे, नळीतून साखर जातेय, हे कळलं. भावजींना माझ्याकडून हे विचारायला सांग आणि उत्तर आणायला सांग. अमोनियासाठी रक्त घेतलं का? ते बर्फात ठेवून लगेच तपासायला हवं, उशीर झाला तर आकडा फसवा येतो. आणि तिचं फिटचं औषध कोणतं? त्यातल्या एका औषधाने अमोनिया आणखी चढतो. ते चालू असेल तर डॉक्टरांना आजच्या आज विचारा. स्वतःहून बंद करू नका, विचारा.

मी इथे घरात येरझाऱ्या घालतेय. बॅग भरून दाराशी ठेवलीय. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही, दवाखान्यात तमाशा नको. पण बोलावलंस तर संध्याकाळची गाडी मिळते.

येऊ?

धाकटी


१९ मार्च

ताई,

तू बोलावलं नाहीस. बॅग तशीच आहे. पण कागदपत्रं भावजींच्या हाती पाठवलीस, तेही पुष्कळ झालं.

अमोनिया वाढलेला निघाला, तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या बाल-हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी मला स्वतःहून फोन केला. "तुमची बहीण म्हणाली, तुम्हाला विचारा." हे तू म्हणालीस? मी त्यांना परत विचारलं, कोण म्हणालं? त्यांना वाटलं मला ऐकू कमी येतं.

त्यांच्या इथेच रक्तातल्या पेशींमधलं ते एन्झाइम तपासतात. तू मंगळवारी तिथे रक्त देऊन गेलीस, मी गुरुवारी पोचले. फाटकावरच्या माणसाने वहीत माझं नाव लिहिताना विचारलं, "परवा अगदी तुमच्यासारख्या दिसणाऱ्या एक बाई आल्या होत्या, तुमच्या कोण?" मी म्हटलं, "मोठी बहीण." बऱ्याच दिवसांनी म्हटलं.

त्यांनी मला तपासणी बघू दिली. पद्धत आमच्या यीस्टसारखीच. एन्झाइम कामाला लावायचं, पडद्यावर रेघ चढायला लागते. मग ब्रेकचं द्रव्य घालायचं. ब्रेक शाबूत असेल तर रेघ आडवी होते. पहिली नळी आपल्या आईची. घातलं, रेघ आडवी. मग गुंडीची. बाईंनी द्रव्य घातलं. रेघ थोडी वाकली आणि पुन्हा चढत राहिली. मी अशा हजार रेघा पाहिल्या आहेत, ताई. प्रत्येक वेळी मी लंबूला हाक मारून म्हटलंय, "ये ये, सापडला बघ एक!" त्या दिवशी मी खुर्चीला धरून उभी राहिले.

माझी रेघ तशीच.

तुझीही.

जनुकाचा अहवाल यायला अजून वेळ आहे, पण तो आता सही-शिक्क्यापुरताच. गोळ्या सुरू झाल्यात म्हणे. इन्सुलिनला आवर घालणाऱ्या. बाई म्हणाल्या, पोरं या गोळ्यांवर चांगली राहतात, शाळेत जातात, मारामाऱ्या करतात. फक्त प्रोटीन एकटं द्यायचं नाही, आधी भात-पाव काहीतरी पोटात जाऊ द्यायचं. अंगावर केस थोडे वाढतील, घाबरू नकोस. आणि तूही स्वतःला तपासून घे. उपाशी राहण्याचं सोड. दोन दोन दिवस न जेवणं तुझ्यासाठी आता नुसता रुसवा राहिलेला नाही.

भावजी निघताना घुटमळले. म्हणाले, "तिने एक विचारायला सांगितलंय. मला नाही विचारवत." मग विचारलंच. "मी दिलं का तिला हे?"

ताई, मी याचं उत्तर तीन दिवस लिहितेय आणि फाडतेय. गोल गोल लिहून बघितलं, शास्त्राच्या भाषेत लिहून बघितलं. ते तुला चालणार नाही.

हो. तुझ्याकडून आलं. तुला बाबांकडून, मला बाबांकडून, बाबांना कुणाकडून ते विचारायला कुणी उरलेलं नाही. अर्धी शक्यता होती, नाणं पडलं तसं पडलं. तू काही केलंस म्हणून नाही. तुला कळायला मार्ग नव्हता. आईला नव्हता, डॉक्टरांना नव्हता. पण तू विचारलंस दिलं का, तर हो.

दुसरा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो मला ऐकू येतोय. त्या दिवशी मी मागितलेली कुपी ठेवू दिली असतीस तर? तर बाळ परत आलं नसतं. ते आधीच गेलं होतं. एवढं मला पक्कं माहीत आहे, आणि बाकीचं मी कुणाला बोलू देणार नाही. स्वतःलाही नाही.

धाकटी


४ मे, प्रयोगशाळा

ताई,

काल फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. तुझा नंबर पडद्यावर दिसला तेव्हा मी हातमोजे न काढताच फोन उचलला, लंबूने कपाळावर हात मारला. चौकशी संपलीय, विभागप्रमुख बाईंनी मला आत घेतलंय. दर महिन्याला लेखी खुलासा द्यायचा की मी स्वतःवर काही प्रयोग केलेला नाही.

तू सरळ सुरुवात केलीस, जशी काही कालच बोललो होतो. गुंडीला दोन महिन्यांत एकही फिट नाही. दंडावर लव आलीय, तिला सगळे माकड म्हणतात आणि तिला ते आवडतं. मग म्हणालीस, "ऐक. बाळाचं कार्ड सापडलं."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. जन्मल्यावर टाचेतून थेंब घेऊन कागदावर टिपतात, ते कार्ड. जन्माच्या दवाखान्यात अजून जपून ठेवलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, त्यातून बाळाचंही तपासून देऊ का, एक छोटासा गोल कापून घेतला की झालं.

तू म्हणालीस, "मी जाऊन घेऊन आले ते. चार ठिपके आहेत. तपकिरी झालेत."

मला वाटलं, तू मला विचारायला फोन केलायस. तू सांगायला केला होतास.

"मी नाही पाठवणार. तुला काय म्हणायचं ते म्हण. त्याच्या अंगातलं एवढंच उरलंय माझ्याकडे. त्याला मी भोक पाडू देणार नाही."

"नको पाठवूस," मी म्हटलं.

"तुला कळून घ्यायचं नाही?"

"नाही."

"खरं सांग."

तेव्हा मी जे पुटपुटले ते तुला ऐकू गेलं नसेल. मला कळून घ्यायचंय, ताई. जन्मभर वाटत राहील. पण गुंडीसाठी जे कळायला हवं होतं ते कळलंय. उरलेलं माझं कुतूहल आहे, आणि ते कार्ड तुझं आहे. तुझ्या कपाटात असू दे. मी कधी विषय काढणार नाही.

मग गुंडीने फोन ओढून घेतला आणि तू आत गेलीस. तुला वाटलं असेल, पुढचं मला ऐकू आलं नाही. पण पोरीने फोन हवेतच धरला होता, सगळं ऐकू येत होतं.

तिने मला विचारलं, "तू कोण?"

"मी मावशी."

"मावशी म्हणजे कोण?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती ओरडली, "आई, मावशी म्हणजे कोण?"

भांडी वाजायची थांबली. मग तुझा आवाज आला.

"माझी बहीण."

"मग ती आपल्याकडे का येत नाही?"

मी इकडे फोन कानाशी दाबून धरला होता. लंबू काहीतरी विचारत होता, त्याला हाताने गप्प केलं.

"येणार आहे," तू म्हणालीस.

मला तू अजून ये म्हटलेलं नाहीस. पण ऐकलंय मी. शनिवारच्या दुपारच्या गाडीने निघते.

धाकटी